निळ्या टेपचा शेवट

फ्रेमवाल्याला त्याच्या मंडळात 'साडेआठ' म्हणत, आणि हे नाव त्याने स्वतःच्या कर्तृत्वाने कमावलं होतं. बारा वर्षांत त्याने कुठल्याही अल्बमला साडेआठच्या वर गुण दिले नव्हते. गाणारीने प्राण ओतलेला असो, नाहीतर शंभर माणसांचा वाद्यवृंद घाम गाळत असो, हा गृहस्थ डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकायचा, कानामागची पेन्सिल काढायचा आणि पुठ्ठ्याच्या कपट्यावर लिहायचा: सहा. फार खूश झाला तर साडेसात. साडेआठ त्याने एकदाच दिले, आणि मग आठवडाभर चुटपुटत राहिला.

मंडळ म्हणजे मोजून तीन माणसं. एक हा. दुसऱ्या गणिताच्या बाई, शाळेतून निवृत्त झालेल्या, पण समोरच्याकडे बघायची नजर अजून वर्गातलीच. तिसरा क्रेनवाला, पस्तिशीतला. तो दिवसभर साठ फूट उंचावर काचेच्या खोक्यात एकटा बसून लोखंड उचलायचा आणि खाली उतरला की त्याला गोंगाट लागायचा. गुरुवारी बाजार बंद असे. फ्रेमवाला दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून घ्यायचा, काच कापायच्या टेबलावरचा चुरा ब्रशने झाडायचा आणि त्यावर जुना रेकॉर्ड प्लेअर मांडायचा. भिंतीला लाकडी पट्ट्या टेकलेल्या, हवेत सरसाचा वास, आणि कोपऱ्यात लोकांनी फ्रेम करायला टाकलेले, पण कधीच न नेलेले फोटो. कुणाचं लग्न, कुणाची पदवी, कुणाचा मेलेला कुत्रा. या सगळ्यांच्या साक्षीने हे तिघं भांडत.

भांडणाचे नियम मात्र कडक होते. अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत सलग ऐकायचा. मधे बोलायचं नाही. ज्याने आणला त्याने त्याची तारीफ करायची नाही, त्याची बाजू दुसऱ्याने मांडायची. आणि स्वतःच्या अल्बमला स्वतः गुण द्यायचे नाहीत. हा शेवटचा नियम बाईंचा. "आपला तो बाब्या सगळ्यांचाच असतो," त्या म्हणाल्या होत्या, "म्हणून पेपर दुसऱ्याने तपासायचा."

त्यामुळे मजा व्हायची. बाई एकट्या व्हायोलिनचा अल्बम आणायच्या, वीस-वीस मिनिटांचे दोनच तुकडे, आणि त्याची वकिली क्रेनवाल्याच्या गळ्यात पडायची. तो डोकं खाजवत म्हणायचा, "आधी मला वाटलं, हा अजून वाद्य लावतोय. दहाव्या मिनिटाला कळलं, हेच गाणं आहे. पण खरं सांगू का, पंधराव्या मिनिटाला मला केबिनमध्ये बसल्यासारखं वाटलं. खाली सगळं चाललंय आणि आपल्यापर्यंत काही पोचत नाही." बाई चष्मा पुसायला लागायच्या. मग क्रेनवाल्याचा ढोल-गिटारचा धुमाकूळ लागायचा, पट्ट्या भिंतीवर थरथरायच्या, आणि बाई गंभीरपणे उभ्या राहून सांगायच्या, "हे सात मात्रांचं चक्र आहे. चार पोरांनी चाळीस मिनिटांत ते एकदाही चुकवलेलं नाही. माझ्या वर्गात असा एक विद्यार्थी नव्हता." आणि आठ द्यायच्या.

साडेआठ दोघांनाही सहा द्यायचा. त्याचं म्हणणं एकच. अल्बम ओळखावा तो शेवटावरून. सुरुवात कुणीही करतं, दारात हसून स्वागत कुणीही करतं. पाहुणा निघताना तुम्ही काय करता, त्यावर घर कळतं. आणि शेवट असावा तर निळ्या टेपसारखा.

निळी टेप म्हणजे त्याचं दैवत. एका ट्रम्पेटवाल्याचा मोठ्या बँडबरोबर केलेला अल्बम, कॅसेटवर उतरवलेला. काचेच्या कटरच्या खणात, मऊ फडक्यात गुंडाळून ठेवलेली ही कॅसेट त्याने मंडळात फक्त एकदा वाजवली होती, पहिल्याच वर्षी. आठ गाणी नुसती झळाळून जातात, पितळी वाद्यं एकमेकांच्या अंगावर चढतात, आणि सगळं शांत झालं की अगदी शेवटी, ध्यानीमनी नसताना, एकटा माऊथ ऑर्गन येतो. साधी, हळू चाल. मधे एका जागी वाजवणारा अडखळतो, मागे जातो, तीच जागा पुन्हा घेतो. आणि पाठीमागे कुठेतरी पाण्याचे थेंब पडत असतात. दोन लवकर, एक उशिरा. दोन लवकर, एक उशिरा.

नियम धाब्यावर बसवून त्या दिवशी तो अर्धा तास बोलला होता. "एवढा मोठा बँड पदरी असताना हा माणूस शेवट करतो कशावर? एका फुंकीच्या बाजावर! आणि ते अडखळणं मुद्दाम आहे, हे लक्षात आलं का? आणि तो थेंब! दोन लवकर, एक उशिरा. विचार करून टाकलेला ठेका आहे तो. याला म्हणतात रेकॉर्डिंग." क्रेनवाला हळूच म्हणाला होता, "म्हणजे वरचे दीड गुण तुम्ही ह्याच्यासाठी राखून ठेवलेत तर." फ्रेमवाल्याने नाही म्हटलं नव्हतं.

तर असा हा नाकाने कांदे सोलणारा माणूस गेला महिनाभर एका फोनला घाबरत होता.

फोन सकाळी दहाच्या सुमारास यायचा. काचेवर ठेवलेला मोबाईल थरथरत थरथरत कडेपर्यंत सरकायचा, फ्रेमवाला हातातली करवत तशीच धरून त्याच्याकडे बघत राहायचा, आणि वाजायचा थांबला की परत पट्टी कापायला घ्यायचा. पंचेचाळीस अंशांचा त्याचा काप डोळे मिटून जुळायचा. त्या महिन्यात चार चौकटींचे कोपरे उघडे राहिले.

फोन वहिनीचा होता. पहिल्या दिवशी तिने आवाज रेकॉर्ड करून पाठवला होता. "भावोजी, यांची उजवी बाजू गेली. बोलता येत नाही. डॉक्टर म्हणतात, पुढचा झटका सांगून येणार नाही. डाव्या हाताने सारखं तुमच्या फोटोकडे दाखवतात. एकदा येऊन जा." त्याने तो निरोप एकदाच ऐकला आणि पुसला. पुसला म्हणून काय झालं, शब्द न् शब्द पाठ होता.

थोरल्या भावाशी तो एकोणीस वर्षं बोलला नव्हता. आई गेल्यावर जुनं घर रिकामं करायचं ठरलं. घरात वडिलांच्या रेकॉर्डांचे तीन खोके होते, आणि ते धाकट्याने न्यायचे हे न बोलता ठरलेलं होतं. तो न्यायला गेला तर फरशीवर तीन चौकोन तेवढे उरले होते, धूळ नसलेले. दादाने आदल्या दिवशी खोके भंगारवाल्याला देऊन टाकले होते. का, ते विचारलं तर दादा मूग गिळून बसला. मग फ्रेमवाल्याचा तोल गेला. दारात, शेजाऱ्यांसमोर, तो ओरडला, "तुला कान नाहीतच! पाणीपुरवठ्यात राहून डोक्यात नुसतं पाणी झालंय तुझ्या. ज्याला सूर म्हणजे काय हे कळत नाही, त्याचं तोंडसुद्धा मला बघायचं नाही." दादा उंबऱ्यावर उभा होता. त्याने मान खाली घातली, एवढंच.

एकोणीस वर्षं फ्रेमवाल्याने हा राग एखाद्या ठेवणीतल्या वस्तूसारखा सांभाळला होता. आता दादा आडवा पडला होता, आणि जावं तर आपण इतकी वर्षं वेडेपणा केला हे कबूल करणं आलं, न जावं तर उद्या काय होईल ते दिसत होतं. आज जाऊ, उद्या जाऊ, करता करता महिना गेला. त्याला स्वतःची लाज वाटत होती आणि तरी पाय उचलत नव्हता. असा माणूस कामाचा राहत नाही.

त्या गुरुवारी क्रेनवाला शटरखालून वाकून आत आला तो चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. पाठीमागे काहीतरी लपवलेलं.

"बाई, आज डोळे मिटा. साडेआठ, तुम्ही बसून घ्या. परगावी एक घर रिकामं करत होते, तिथे मिळाली. तुमच्या निळ्याची मूळ रेकॉर्ड!"

त्याने वर्तमानपत्र काढलं. कव्हर नारिंगी होतं. ट्रम्पेटवाला एका जिन्याच्या पायरीवर बसला होता आणि त्याच्या मागची भिंत पिकल्या भोपळ्यासारखी नारिंगी होती.

"हा तो नव्हे," फ्रेमवाला म्हणाला. "माझा निळा आहे."

"निळं कव्हर तुम्ही पाहिलंय?"

कव्हर फ्रेमवाल्याने जन्मात पाहिलं नव्हतं. तो एकोणीस वर्षांचा असताना दूरच्या गावी सुतारकाम शिकायला गेला होता, आणि तिथल्या खोलीवर ही कॅसेट टपालाने आली होती. लेबलवर वादकाचं नाव निळ्या शाईने लिहिलेलं होतं. त्या शाईवरून त्याने सगळा अल्बम निळा ठरवून टाकला होता.

"नाव तर तेच आहे," बाई म्हणाल्या. "लावा."

रेकॉर्ड लागली. पहिल्या सुरालाच फ्रेमवाला पुढे वाकला. टेपमध्ये जे इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकू येत होतं, ते आता टेबलावर येऊन बसलं होतं. बाजू पालटली. पाचवं, सहावं, सातवं. आठव्याला बँड एकदम उसळला आणि थांबला. फ्रेमवाल्याने डोळे मिटले, हात वर केला, आता गप्प राहा अशी खूण केली, आणि वाट बघायला लागला.

सुई आतल्या कोऱ्या खाचेत गेली. खर्र, खट्. खर्र, खट्.

"संपली," क्रेनवाला म्हणाला.

"संपली कशी? शेवट कुठाय?"

क्रेनवाल्याने कव्हर उलटं केलं. मागे गाण्यांची यादी होती. बाईंनी बोट ठेवून मोजली. आठ.

पुढची दहा मिनिटं फ्रेमवाला जे बोलला ते त्याला शोभणारं नव्हतं. ही नक्कल आहे म्हणाला. कंपनीने शेवट कापला म्हणाला. क्रेनवाल्याला म्हणाला, "तू ढोल बडवणारा माणूस, तुला खरी-खोटी काय कळणार!" एवढ्या हौसेने ती शोधून आणणाऱ्या त्या पोराचा चेहरा पडला. तो रेकॉर्ड परत वर्तमानपत्रात गुंडाळायला लागला.

"थांबा," बाई म्हणाल्या. आवाज वर्गातला होता. "टेप काढा तुमची."

खणातून टेप निघाली. बाईंनी ती चष्म्याजवळ धरली. "साठ मिनिटांची आहे. म्हणजे एका बाजूला तीस. आत्ता रेकॉर्डची दुसरी बाजू वाजली ती मी घड्याळ लावून ऐकली, सव्वीस मिनिटं. उरली चार. तुमचा माऊथ ऑर्गन किती मिनिटांचा?"

फ्रेमवाल्याला ते झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. "पावणेचार."

"मग कुणीतरी उरलेली जागा भरली. एवढंच. टेप कुणी भरून दिली होती तुम्हाला?"

"दादाने."

"त्यांना वाजवता येतं?"

"त्याला?" फ्रेमवाला हसला, पण ते हसणं काही जमलं नाही. "त्याला धड शिट्टी वाजवता येत नाही. नळाचे मीटर तपासण्यात जन्म गेला त्याचा."

क्रेनवाल्याने न विचारता ती आपल्या छोट्या टेपरेकॉर्डरवर लावली आणि शेवटाशी नेली. माऊथ ऑर्गन सुरू झाला. पाठीमागे थेंब पडत होते. दोन लवकर, एक उशिरा.

फ्रेमवाल्याने ते हजार वेळा ऐकलं होतं. आज पहिल्यांदाच तो नुसता थेंब ऐकत होता, त्याच्यावर भाषण न करता. आणि त्याला तो ओळखू आला. आईच्या स्वयंपाकघरातला नळ. वायसर झिजलेला, कितीही आवळा, गळायचाच. खाली ॲल्युमिनियमचं पातेलं ठेवलेलं असायचं. आई रोज कुरकुर करायची, "गावाचं पाणी बघतो आणि घरचा नळ तसाच!" दोन थेंब पटकन पडायचे, तिसरा तोटीला लोंबकळत राहायचा.

"नळ आहे तो," तो म्हणाला. "आमच्या घरातला."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे बाईंच्या ओठांवर आलं असणार, पण त्या शहाण्या होत्या.

मग त्याला आणखी एक गोष्ट आठवली. कॅसेट मिळाल्यानंतर सुट्टीत तो घरी गेला होता. दादाने जेवताना विचारलं होतं, सहज विचारावं तसं, "टेप ऐकलीस? शेवटचं कसं वाटलं?" दादाच्या वरच्या खिशात तेव्हा नेहमी काहीतरी फुगलेलं असायचं, विचारलं की म्हणायचा, पाना आहे. आणि याने हातातला घास तसाच ठेवून त्या अज्ञात कलावंतावर प्रवचन दिलं होतं. शेवटी म्हणाला होता, "असं वाजवायला जन्म घ्यावा लागतो, दादा. तुला नाही कळायचं ते." दादा हसला होता. म्हणाला होता, "नसेल कळत." आणि पाणी प्यायला उठला होता.

एवढी तारीफ ऐकल्यावर तो मी आहे असं कुठल्या तोंडाने सांगणार? आणि सांगितलं असतं तर या दीडशहाण्याने ऐकून घेतलं असतं का?

"साडेआठ," क्रेनवाला म्हणाला. मघाचा अपमान तो विसरला होता. "दादा कुठे असतात?"

तेव्हा फ्रेमवाल्याने त्या दोघांना पहिल्यांदाच सगळं सांगितलं. फोनचंही. बाई उठल्या, त्याची पिशवी त्याच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "निघा." क्रेनवाल्याने आपला तो बॅटरीवर चालणारा टेपरेकॉर्डर टेपसकट पिशवीत घातला. बरोबर येऊ का, असं विचारलं. फ्रेमवाला नको म्हणाला.

बसला दोन तास लागले. दोन तास तो मांडीवर पिशवी घट्ट धरून बसला होता, आणि मनात एकच. पोचेपर्यंत असू दे. महिनाभर घड्याळ बघत बसलेल्या माणसाला आता बस थांब्यावर दोन मिनिटं थांबली तरी सहन होईना.

दार वहिनीने उघडलं. केस पार पांढरे झाले होते. तिने त्याच्याकडे पाहिलं, ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही, बाजूला झाली.

"तीस फोन केले मी, भावोजी."

"हो."

"मोजले होते."

तो चपला काढत राहिला. काढायला तेवढा वेळ लागत नाही.

खिडकीशी खाट होती. शेजारी स्टुलावर औषधं आणि बोलवायला एक लहान घंटा. दादा उशांना टेकून बसवलेला होता. एवढा थोरला माणूस निम्मा झाला होता. तोंडाची उजवी बाजू खाली ओढलेली, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ येत होती आणि ती टिपायला गळ्यात फडकं बांधलेलं. त्याने धाकट्याला पाहिलं, आणि त्याचा डावा हात चादरीवरून उठला आणि परत पडला.

बसमध्ये जुळवलेली वाक्यं सगळी पळाली. "बसला गर्दी होती," फ्रेमवाला म्हणाला. मग खाटेच्या कडेला बसला, पिशवीतून टेपरेकॉर्डर काढला आणि बटण दाबलं.

पहिल्या फुंकीलाच दादाचे डोळे मोठे झाले. त्याने मान भिंतीकडे वळवली. कान लाल झाले होते. साठी उलटलेल्या, अर्धं अंग गेलेल्या माणसाचे कान चोरी पकडलेल्या पोरासारखे लाल. अडखळायची जागा आली, जिच्यावर फ्रेमवाल्याने बारा वर्षं व्याख्यानं दिली होती. दादाने डोळे मिटून घेतले आणि वैतागून मान हलवली. ती मुद्दाम नव्हतीच. चूक होती. साधी चूक, आणि टेप संपत आली म्हणून तशीच राहिलेली.

"तूच ना?" फ्रेमवाल्याने विचारलं.

दारातून वहिनी बोलली. "पंपाच्या खोलीत वाजवायचे. पंप चालू असला की बाहेर ऐकू जात नाही म्हणून. लग्नानंतर वर्षभर मलासुद्धा माहीत नव्हतं."

"आणि आता? म्हणजे, हे व्हायच्या आधी?"

"आता कुठलं! तुम्ही दारात बोलून गेलात ना त्या दिवशी? त्यानंतर नाही. खणात पडलाय."

फ्रेमवाल्याला वाटलं, तिने कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं. रेकॉर्ड का दिल्यास, हे विचारायचं एकोणीस वर्षं घोकलेलं होतं. ते विचारायला आता तोंड उरलं नव्हतं, आणि सांगायला दादाला. ते तसंच राहणार होतं.

त्याने खिशात हात घातला. कपटे तिथे असायचेच. कानामागची पेन्सिल काढून त्याने एका पुठ्ठ्यावर लिहिलं, १०, आणि तो दादाच्या छातीवर ठेवला.

"आमचं एक मंडळ आहे," तो म्हणाला. "गुण देतो आम्ही. मी हे कुणाला दिलेले नाहीत. विचार हवं तर."

दादाने पुठ्ठा डाव्या हाताने उचलून डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघितला. मग पेन्सिलीसाठी बोटं हलवली. फ्रेमवाल्याने ती बोटांत दिली आणि पुठ्ठा धरून ठेवला. दादाने वाकड्यातिकड्या रेघेने दहा खोडले आणि खाली लिहिलं: ४.

"चार?" फ्रेमवाला उसळला. "चार कसले? त्या चालीला चार? अरे, शेवटाला जो वर जातोस आणि तिथेच सोडून देतोस, ते कुणाला सुचलं असतं? एक जागा चुकली म्हणून चार?"

दादाने डाव्या हाताचं बोट टेपरेकॉर्डरकडे रोखलं, मग कानाकडे, मग जोरात नकार दिला. घशातून आवाज काढला, भांडणाचाच.

वहिनी धावत आत आली. "अहो, एकोणीस वर्षांनी आलात आणि आल्या आल्या परत सुरू?"

दादाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ओठाचा चालता कोपरा वर गेला होता. त्याने वहिनीला खणाकडे खूण केली. तिने खण उघडला आणि फडक्यातून माऊथ ऑर्गन काढून त्याच्या हातात दिला. पत्र्यावर डाग पडले होते.

दादाने तो ओठांना लावला. फुंकर मारली ती उजव्या कोपऱ्यातून सगळी बाहेर गेली, नुसती हवा आणि लाळ. पुन्हा मारली. पुन्हा तेच. फ्रेमवाल्याला बघवेना. तो पुढे सरकला, आणि चौकटीचा कोपरा सरस सुकेपर्यंत धरावा तसा त्याने दादाच्या ओठाचा लोंबलेला कोपरा अंगठ्याने वर दाबून धरला.

"आता मार."

एक सूर निघाला. चिरका, फाटका, गंज खाल्लेला. दोन क्षण टिकला आणि विझला.

दादाने माऊथ ऑर्गन मांडीवर ठेवला, पेन्सिल उचलली, चार खोडले आणि लिहिलं: १.

"नियम आहे, दादा," फ्रेमवाला म्हणाला. "स्वतःच्याला स्वतः गुण द्यायचे नाहीत."

त्याने पुठ्ठा काढून घेतला, फडक्याने दादाचं तोंड टिपलं, आणि ओठाचा कोपरा परत धरला.